आधी टो साईड, मग दुसरा टप्पा: नाशिकहून गुलमर्गची पहिली स्नोबोर्ड सहल

अंजनेरी चढताना धाप लागत नाही, हरिहरच्या खड्या पायऱ्या उतरताना पाय लटपटत नाहीत, म्हणजे बर्फाचा डोंगरही जमेल असा माझा हिशेब होता. गुलमर्गला तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोरासोरांच्या उतारावर पालथा पडलो होतो, हातमोज्यात बर्फ गेला होता आणि सहा-सात वर्षांचा एक काश्मिरी मुलगा लाकडी फळ्यांवरून माझ्या शेजारून सर्रकन निघून गेला. वर अफरवटच्या कड्यावर गोंडोलाच्या, म्हणजे दोन टप्प्यांत डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या, केबिनी जाताना दिसत होत्या. खिशात दुसऱ्या टप्प्याचं तिकीट होतं, नाशिकमध्ये बसून ऑनलाइन काढलेलं. ते त्या दिवशी वाया गेलं आणि बरंच झालं.

हा लेख त्या तिकिटामुळे लिहितोय. ज्यांनी हिमाचलातल्या सोलंगला किंवा उत्तराखंडातल्या औलीला दोन-चार दिवस बोर्डवर घालवलेत, किंवा तेवढेही नाहीत, आणि ज्यांना आता मोठ्या डोंगरावर जायचंय, त्यांच्यासाठी. सगळा बेत एका प्रश्नाभोवती रचायचा: तुमची टो साईड, म्हणजे बोर्डची पायाच्या बोटांकडची कड, किती पक्की आहे? वर जायचं तिकीट कुणालाही मिळतं. उतरायचं मात्र त्या कडेवर असतं.

गुलमर्गच का, आणि ते किती मोठं आहे

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, साधारण ३,१०० मीटरवर नेतो. हा टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा २००५ मध्ये झाला आणि तो अफरवटच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या पुढे नेऊन सोडतो. म्हणजे वरच्या स्टेशनापासून गावापर्यंत जवळजवळ १,३०० मीटरचा उतार. बारी गावातून कळसूबाईच्या माथ्यावर जाताना आपण साधारण ९०० मीटर चढतो, त्यावरून अंदाज घ्या. आणि कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, इथे नाहीत.

युरोपातल्या डोंगरांचे फोटो बघून लोकांच्या डोक्यात यंत्राने रोज सपाट केलेले रुंद रस्ते असतात. गुलमर्गला खालच्या भागात थोडंफार तसं मिळतं, पण दुसऱ्या टप्प्यावर जे आहे तो नैसर्गिक डोंगर आहे. गोंडोलाच्या तारेखालचा मुख्य वाडगा, म्हणजे वाडग्यासारखा खोलगट उतार, स्की पेट्रोल हे सुरक्षा पथक सांभाळतं. त्याच्या बाहेर डावीकडे-उजवीकडे जे अफाट पसरलंय ते कुणीच सांभाळत नाही. जगभरचे लोक तेवढ्यासाठीच येतात, आणि नवशिक्याने तेवढ्यासाठीच थांबावं.

शिकायची सोय मात्र चांगली आहे. गावाच्या मधोमध मोठं, सौम्य उताराचं मैदान आहे, तिथे उभ्या माणसाला ओढत वर नेणाऱ्या ड्रॅग लिफ्ट आहेत, शिकवणारे भरपूर आहेत. म्हणून एकाच सहलीत बालवाडी आणि मोठा डोंगर, दोन्ही समोर. औलीचे उतारही शिकायला छान आहेत, पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचल्यानंतर तिथला रोपवे बंद पडला, त्यामुळे जायचंच असेल तर रोपवे चालू आहे का हे आधी विचारा. सोलंगला उतार लहान आहे आणि रविवारी तिथे ट्यूबवर बसलेल्या पर्यटकांची जत्रा असते.

एक वेगळा मार्ग मुंबईहून दुबईचं विमान ज्यांना सोयीचं आहे त्यांच्यासाठी. तिथल्या मॉलमधल्या स्की दुबईत ४०० मीटरपर्यंतचा उतार आहे. ते थंडगार गोदाम आहे, डोंगर नाही. पण तिथे दोन दिवस पडून घेतलंत तर गुलमर्गचे दोन दिवस वाचतात.

कधी जायचं

काश्मिरी लोक थंडीचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचं चिल्लई कलान, मग वीस दिवसांचं चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. बर्फाचा भरवसा सगळ्यात जास्त जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. ख्रिसमसला जाऊ नका. हॉटेलं महाग, गर्दी अफाट, आणि बर्फ पातळ असण्याची शक्यता. भरवसा म्हटलं तरी तो शंभर टक्के नसतो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग चक्क कोरडं होतं, पिवळ्या गवताचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. २०२५ मध्ये पुरेसा बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा पुढे ढकलावा लागला. म्हणून हॉटेल असं घ्या की तारीख बदलता येईल, आणि निघायच्या दहा दिवस आधीपासून रोज अंदाज बघा.

आपल्याकडे फेब्रुवारीची एक अडचण आहे. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना तेव्हा सुट्टी मिळणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेवाला सुट्टी मिळण्यासारखं. त्यांनी जानेवारीचा शेवटचा आठवडा गाठावा आणि घरच्यांशी बोलून घ्यावं. माझ्या एका दिंडोरीच्या मित्राने बोलून घेतलं नाही, तो गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गहून फोनवर औषध फवारणी सांगत होता.

दिवस मोजा, ते पण बोर्डवरचे

बहुतेक जण सहा दिवसांची सहल काढतात. त्यातले दोन प्रवासात, एक हवामानात, एक अंग दुखण्यात जातो. उरतात दोन. दोन दिवसांत मोठा डोंगर होत नाही.

अकरा दिवस काढा, दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार धरून. ऑफिसातले सात दिवस लागतील. मी सुचवतो तो आराखडा असा. पहिला दिवस श्रीनगर गाठून गुलमर्गला पोचण्यात. दुसऱ्या दिवशी फक्त सामान भाड्याने घेणं, बूट नीट बसतात का पाहणं आणि दुपारी तासभर सपाटीवर एक पाय बांधून सरकणं, कारण नाशिक सहाशे मीटरवर आहे आणि तुम्ही एका दिवसात दोन हजार मीटर वर आला आहात. तिसरा आणि चौथा दिवस प्रशिक्षकाबरोबर मैदानातल्या उतारावर. पाचव्या दिवशी सकाळचा अर्धा वेळ, दुपारी झोप. सहावा दिवस पहिल्या टप्प्याच्या उतारावर, प्रशिक्षक बरोबरच. सातवा पूर्ण विश्रांतीचा, आणि हा दिवस कुणीही खाऊ नका. आठवा पुन्हा पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीची चेअरलिफ्ट चालू असेल तर तिच्यावर. नववा दिवस दुसऱ्या टप्प्यासाठी, जमलं तर. दहावा राखीव, हवामानाने नववा खाल्ला तर वापरायचा. अकरावा परतीचा.

दुसऱ्या टप्प्याचं तिकीट आधी काढू नका. गोंडोलाची तिकिटं जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर मिळतात, हंगामात फिरायला येणाऱ्यांची झुंबड असते म्हणून आधी काढायचा मोह होतो. पण जोराचा वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असला की वरचा टप्पा बंदच ठेवतात, आणि तुमची तयारी कुठल्या दिवशी होईल हे नाशिकमधून ठरवता येत नाही. बोर्ड किंवा स्की घेऊन जाणाऱ्यांसाठी पास कसा आणि कुठे मिळतो ते पोचल्याच दिवशी खिडकीवर विचारून घ्या.

सोबत किती जण? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दहा जण तयार असतात, नाशिकरोड स्टेशनवर तीन उरतात. तीन किंवा चार हा आकडा उत्तमच. एका प्रशिक्षकामागे चारांपेक्षा जास्त असले तर तुम्ही शिकत कमी आणि उभे जास्त राहता.

नाशिकमध्ये आठ आठवडे

बर्फ नाही म्हणून तयारी होत नाही हे खोटं. स्नोबोर्डिंगमध्ये दिवसभर मांड्या वाकवून उभं राहायचं असतं, आणि नवशिक्याला दिवसातून पन्नासदा जमिनीवरून उठायचं असतं. दोन्हीची तयारी इथे होते.

आपण चढण्याची तयारी करतो, उतरण्याची करत नाही. बोर्डवर मांडीचे स्नायू ताणत-ताणत वजन रोखतात, हेच काम उतरताना होतं. म्हणून पांडवलेण्याच्या पायऱ्या हव्या तशा चढा, पण उतरताना हळू उतरा, प्रत्येक पायरीवर तीन मोजत गुडघा वाकवा. आठवड्यातून दोनदा. रविवारी अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी, तोच नियम. पहिल्या आठवड्यात सोमवारी जिना उतरता येणार नाही, तिसऱ्या आठवड्यात येईल.

घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, एक-एक मिनिटाचे चार फेरे. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, कारण टो साईडवर सगळा भार पोटरीवर येतो. उठण्यासाठी सूर्यनमस्कार चालतात, फक्त जलद करा. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळत असाल तर पळा, दमसास वाढतो, पण पळणं एवढंच करून गेलात तर मांड्या पहिल्या दुपारी हात टेकतील.

आता सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. प्लंबिंगच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटांचा तुकडा घ्या, आणि सुताराकडून पाऊण इंची प्लायवूडची साधारण अडीच फूट लांब फळी, दोन्ही टोकांना खाली पट्टी ठोकून. फळी पाइपवर ठेवायची, तिच्यावर उभं राहायचं. खाली सतरंजी, शेजारी भिंत, आणि पहिले काही दिवस कुणाचा तरी हात. रोज दहा मिनिटं. नजर पायांकडे नेली की पडता, समोर ठेवली की टिकता. बर्फातही हाच नियम आहे, तिथे तो शिकायला पैसे पडतात.

डावा पाय पुढे की उजवा, हेही घरीच कळतं. पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरा. जो पाय आपसूक पुढे गेला तो तुमचा पुढचा. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गुफी. भाड्याच्या दुकानात हेच पहिलं विचारतात.

सामान: काय विकत, काय भाड्याने

बोर्ड विकत घेऊ नका. पहिल्या सहलीला बोर्ड घेणं म्हणजे पोहायला शिकायच्या आधी होडी घेणं. भाड्याने घेताना उभा बोर्ड हनुवटी आणि नाक यांच्या मध्ये यावा, थोडा लवचिक असावा, दोन्ही टोकं सारखी असावीत. पाय मोठा असेल, म्हणजे दहा नंबरच्या पुढे, तर रुंद बोर्ड मागा. नाहीतर बुटाची बोटं बाहेर लटकतात आणि वळताना बर्फात रुततात. बायंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या पकडीचे, कोन विचारले तर पुढचा पाय अधिक पंधरा अंश, मागचा उणे नऊ किंवा त्याच्या आसपास, बदकासारखे बाहेर वळलेले. कडांवर बोट फिरवून पाहा. गंजलेली, बोथट कड असेल तर दुसरा बोर्ड मागा. लाजू नका, दुकानदाराला ती सवय असते.

खरा जीव बुटात आहे. बूट भाड्याचे असले तरी अर्धा तास घालून फिरा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरावीत, आणि टाच उचलली जाऊ नये. टाच उचलते तो बूट कितीही मऊ असला तरी नको, कारण टो साईडला जाताना तुम्ही उचलाल टाच आणि बोर्ड मात्र जागचा हलणार नाही. मी पहिले दोन दिवस असेच बूट घालून टो साईड जमत नाही म्हणून स्वतःला शिव्या देत होतो. एक नंबर लहान बूट घेतला आणि अर्धी तक्रार मिटली. पायमोजे एकच जोडी, उंच, लोकरीचे. दोन जोड्या घातल्या की रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात.

विकत घ्यायचं ते असं: हेल्मेट, गॉगल, मनगटाचे गार्ड, कपड्याखाली घालायची पॅड लावलेली पँट, आणि चांगले हातमोजे, दोन जोड. नवशिके स्नोबोर्डर सगळ्यात जास्त मनगटं मोडून घेतात, कारण पडताना हात पुढे टाकायची सवय असते. गार्ड हवेतच, वर पडताना मूठ मिटून कोपरापर्यंतचा हात टेकवायची सवय लावा. हे सतरंजीवर गुडघ्यांवरून पडून घरीच करून पाहा. गॉगल दोन काचांचा घ्या, एक उन्हाची, एक ढगाळ हवेची पिवळसर किंवा गुलाबी. ढगाळ दिवशी बर्फावर सावल्याच पडत नाहीत, उतार आणि खड्डा सारखेच दिसतात, तेव्हा गडद काच घातली तर तुम्ही आंधळेच.

कपड्यांत एकच पथ्य: सुती काहीही नको, बनियनसुद्धा. घाम सुतात अडकतो आणि चेअरलिफ्टवर बसल्या-बसल्या गोठवतो. आत अंगाला चिकटणारं पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर, मध्ये फ्लीस, वर पाणी न झिरपणारं जॅकेट आणि पँट. जॅकेटवर पाणी रोखण्याचं माप दहा हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असावं, कारण तुम्ही बर्फात उभे कमी आणि बसलेले जास्त असता. हे सगळं डेकॅथलॉनसारख्या दुकानात मिळतं. आजीने विणलेलं स्वेटर खोलीत घाला.

पोचायचं कसं

मुंबईहून श्रीनगरला थेट विमानं आहेत, ओझरहून दिल्लीमार्गेही जाता येतं. ओझरचं वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, तिकीट काढताना पाहा. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं घ्या, म्हणजे पहिलं लेट झालं तर दुसऱ्याची जबाबदारी कंपनीवर राहते. वेगवेगळी घेतलीत तर मध्ये किमान चार तास सोडा.

रेल्वेने जायचं असेल तर मनमाड गाठा. पुण्याहून येणारी झेलम एक्सप्रेस तिथून जम्मू तावीला जाते. तिथून पुढे कटऱ्याला गेलात तर जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे, त्यामुळे बर्फात बंद पडणाऱ्या महामार्गावर अडकून राहायची वेळ कमी झाली. वेळ भरपूर लागतो, पण विमान कंपनीशी सामानावरून भांडावं लागत नाही.

श्रीनगर ते गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. शेवटचे तेरा किलोमीटर तंगमर्गच्या पुढे घाटाचे. ताजा बर्फ असला की साध्या गाड्यांना तंगमर्गलाच थांबवतात, पुढे चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी घ्यावी लागते. श्रीनगरला टॅक्सी ठरवतानाच विचारा की हा भाव गुलमर्गपर्यंतचा की तंगमर्गपर्यंतचा. सगळे वाद इथेच होतात. श्रीनगरहून दुपारी दोनच्या आत निघा, अंधारात तो घाट नको.

आणि मोबाइल. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. ग्रुपमध्ये किमान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड सिम असावीत. त्या आठवड्यात खोऱ्यातली परिस्थिती कशी आहे तेही हॉटेलवाल्याला फोन करून विचारा. तो खरं सांगतो, कारण तुम्ही वाटेत अडकलात तर त्याचीही खोली रिकामी राहते.

पहिले चार दिवस उतारावर

प्रशिक्षक पर्यटन विभागाकडे नोंदलेला घ्या आणि तो स्वतः स्नोबोर्ड करतो का, हे विचारा. गुलमर्गला स्की शिकवणारे पुष्कळ, बोर्ड शिकवणारे कमी. केंद्राची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था इथेच आहे आणि तिचे अभ्यासक्रम शिस्तीचे असतात. तारखा जुळत असतील तर तिथे स्नोबोर्डची सोय आहे का, हे आधी पत्र लिहून विचारा.

क्रम मोडू नका. पहिल्यांदा एक पाय बांधून सपाटीवर सरकणं आणि थांबणं. मग दोन्ही पाय बांधून टाचेच्या कडेवर आडवं घसरत खाली येणं, डोंगराकडे पाठ, दरीकडे तोंड. मग झाडाचं पान जसं डुलत खाली येतं तसं टाचेच्या कडेवरच डावीकडे-उजवीकडे. इथपर्यंत दुपारपर्यंत सगळे येतात, आणि इथेच बरेच जण कायमचे थांबतात. टाचेवर सगळा डोंगर उतरता येतो, मांड्या पेटतात पण उतरता येतो, म्हणून माणूस टो साईडला जातच नाही. बोटांच्या कडेवर दरीकडे पाठ करावी लागते, पुढचं दिसत नाही, आणि मन म्हणतं नको.

तिसऱ्या दिवसाची अख्खी दुपार फक्त टो साईडला द्या. नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची, कमरेतून वाकायचं नाही, गुडघे पुढे, नजर डोंगराच्या माथ्याकडे. तोंड खाली करून बर्फाकडे बघितलंत की बर्फातच जाल.

एज कॅच काय असतं ते समजून घ्या, कारण पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या वाईट पडण्यामागे तेच असतं. तुम्ही आडवे घसरत असताना दरीकडची कड चुकून खाली टेकली, की बोर्ड जागच्या जागी अडकतो आणि तुम्ही फेकले जाता. टाचेवर असाल तर तोंडावर, बोटांवर असाल तर डोक्याच्या मागच्या बाजूवर. म्हणून हेल्मेट. उपाय एवढाच की बोर्ड कधी सपाट ठेवायचा नाही, नेहमी डोंगराकडच्या कडेवर. आणि हे गंमतीचं आहे की तो सगळ्यात जास्त सौम्य उतारावर होतो, जिथे माणूस निवांत होतो.

दोन्ही कडा आल्या की वळणं जोडायची. आधी पुढचा खांदा आणि नजर वळायच्या दिशेला, मग गुडघे, बोर्ड आपण होऊन मागे येतो. मागच्या पायाने बोर्ड ढकलून फिरवणं ही वाईट सवय आहे, ती लहान उतारावर खपते, मोठ्यावर नाही.

ड्रॅग लिफ्ट हा वेगळाच छळ आहे. पुढचा पाय बांधलेला, मागचा मोकळा पाय बायंडिंगच्या मधल्या रबरावर, आणि दांडा आपल्याला ओढतोय एवढंच समजायचं. त्यावर बसायला गेलात की पडलात. पडलात तर लगेच बाजूला सरका, मागून दुसरा येत असतो. उतारावर खालच्या माणसाचा हक्क पहिला, कारण त्याला वरचा दिसत नाही. आणि थांबायचं तर कडेला, मधोमध बसून सेल्फी नाही.

दुसऱ्या टप्प्याआधीची परीक्षा

ही स्वतः घ्या आणि प्रशिक्षकाला गुण द्यायला लावा. पहिल्या टप्प्याच्या उतारावर न पडता सलग दहा वळणं, दोन्ही बाजूंची. सांगितल्या जागी टो साईडवर थांबणं. सगळ्यात उभ्या तुकड्यावर दोन्ही कडांवर पन्नास मीटर आडवं घसरत उतरणं. मऊ, गुडघाभर बर्फात पडून एकट्याने उठणं. आणि सपाट वाट आली तर वेग राखून पार करणं, कारण स्कीवाल्यांकडे काठ्या असतात आणि आपल्याकडे काहीच नसतं. अफरवटच्या खालच्या भागात अशा सपाट्या येतात, वेग गेला की बोर्ड काखेत मारून चालावं लागतं.

पाचांपैकी चार जमत असतील तरी जाऊ नका. आडवं घसरणं मात्र असं आहे की बाकी सगळं फसलं तरी तेच वाचवतं, म्हणून ते दोन्ही कडांवर हवंच.

गेलात तर फक्त गोंडोलाच्या तारेखालचा मुख्य वाडगा, स्थानिक गाइड बरोबर, सकाळी, स्वच्छ हवेत. मऊ बर्फात वजन किंचित मागच्या पायाकडे आणि वेग थोडा जास्त ठेवावा लागतो, हळू गेलात तर बोर्डचं नाक रुततं. झाडांच्या बुंध्याजवळ जाऊ नका, फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो आणि माणूस डोक्यावर आत जातो.

वर पोचून पाय गार पडले तर गोंडोलाने खाली या. परतीचं तिकीट कसं लागतं ते खालीच विचारून ठेवा. मी पहिल्या सहलीत नवव्या दिवशी असाच वर गेलो, हरमुखच्या बाजूची शिखरं बघितली, पाच वळणं करून पाहिली, पुन्हा चढून स्टेशनात आलो आणि बोर्ड मांडीवर ठेवून केबिनीत बसलो. समोर बसलेल्या सुरतच्या काकूंनी विचारलं, “बेटा, ये टूट गया क्या?”

हिमस्खलन

हा विषय अनुभवी लोकांचा आहे असं समजून टाळू नका. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन गेला. दोन्ही वेळा तारीख बघा: ऐन हंगामातली.

बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणजे बोर्डला मजा येते नेमक्या त्याच उतारांवर. ताजा बर्फ पडून गेल्यानंतरचा पहिला निळा दिवस सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात धोक्याचा. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते जिल्हावार येतात. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात आहे. रोज सकाळी इशारा पाहा आणि गाइडला विचारा की आज स्की पेट्रोलने काय उघडलंय.

दोरीच्या किंवा पाटीच्या पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब काठी) आणि फावडं लागतं, आणि ते वापरायचा सराव लागतो. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, म्हणजे मदत बाहेरून येईपर्यंत वेळ नसतो, शोधायचं बरोबरच्यांनी. पहिल्या सहलीत तुम्ही पाटीच्या पलीकडे जायचंच नाही, तरीही दुसऱ्या टप्प्यावर जाणार असाल तर बीकन भाड्याने घ्या आणि गाइडकडून हॉटेलच्या अंगणात अर्धा तास शोधाशोध करून घ्या. एकाने बीकन बर्फात पुरायचा, दुसऱ्याने शोधायचा. लपाछपीच आहे, फक्त घड्याळ लावून.

उंची, ऊन, खोली, विमा

चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं सुरू झालं तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर लगेच खाली श्रीनगरला. गोळ्या घ्यायच्या की नाही हे नाशिकमध्येच आपल्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाब किंवा दमा असेल तर नक्कीच.

ताजा बर्फ अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत कडेलाही सनस्क्रीन लावा. हे न लावलेला माणूस नाशिकला परतल्यावर आठवडाभर उलटा मुखवटा घालून फिरतो.

खोलीत बुखारी किंवा गॅसचा हीटर असेल तर झोपण्याआधी बंद करा आणि खिडकीची फट उघडी ठेवा. बंद खोलीतला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. विजेची गादी मिळते का विचारा, वीज जाते म्हणून गरम पाण्याची पिशवी न्या. बूट रोज रात्री आतलं अस्तर काढून वाळवा. जेवायला राजमा-भात आणि कहवा सगळीकडे, मांसाहारी असाल तर सकाळचा हरीसा चुकवू नका. खिशात शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की ठेवा. चॉकलेट तिथे दगड होतं.

विमा घेताना पॉलिसीतलं वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. प्रवास विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, आणि बर्फातले खेळ धरले असले तरी आखलेल्या उताराबाहेरचे वगळलेले असतात. मोठं रुग्णालय श्रीनगरला आहे, तिथवर गाडीने नेण्याचा खर्च धरलाय का पाहा. पैसे वाचवायचे असतील तर हॉटेलच्या खोलीत वाचवा. प्रशिक्षकाचे दिवस कापू नका. मी पहिल्यांदा दोनच दिवस प्रशिक्षक घेतला होता, बाकीचे दिवस यूट्यूबवर विसंबलो. तिसऱ्या दिवशी लावून घेतलेली मागच्या पायाने ढकलायची सवय सोडायला पुढची अख्खी सहल गेली.

परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या. सकाळी धुकं किंवा बर्फ असला की श्रीनगरची विमानं उशिरा होतात. विमानतळाच्या बऱ्याच आधी गाडी थांबवून सगळं सामान उतरवून तपासतात, मग आत पुन्हा तपासणी, म्हणून विमानाच्या तीन तास आधी पोचा. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा. ओले हातमोजे आणि गार्ड मात्र मोठ्या बॅगेत वरच्या वर ठेवा, घरी पोचल्याबरोबर बाहेर काढता आले पाहिजेत. मी विसरलो होतो आणि गंगापूर रोडच्या घरात चार दिवस ओल्या कुत्र्याचा वास येत होता.